एआय हाताशी असताना स्वतः लिहायचं कसं (आणि कशाला)

आधीच सांगून टाकते, एआय वापरू नका असं सांगायला मी आलेले नाही, मी स्वतः रोज वापरते. पण लिहायला बसल्यावर पहिलं कुणी बोलायचं, तुम्ही की मशीनने, हा एक मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि बाकीचं बरंचसं त्यावरच ठरतं. तुम्ही आधी लिहिलंत आणि मग मशीनला दाखवलंत तर ते लिखाण तुमचंच राहतं, थोडंफार सुधारतं. मशीनने आधी लिहिलं आणि तुम्ही नंतर "जरा टच दिला" तर ते मशीनचंच राहतं, मग कितीही टच द्या. कारण समोर तयार वाक्य आलं की डोकं त्याच्याच मागे जातं, आणि आपल्याला मुळात काय म्हणायचं होतं ते काही केल्या आठवत नाही.

चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं ३० नोव्हेंबर २०२२ ला. तेव्हापासून अभिनंदनाचे मेसेज, ऑफिसचे मेल, निरोपाची भाषणं, कव्हर लेटर हे सगळं एकाच माणसाने बसून लिहिल्यासारखं वाटायला लागलंय. वाचणाऱ्याच्या ते लक्षात येतं बरं का, फक्त तोंडावर कुणी बोलत नाही, थम्सअपचा इमोजी टाकतात आणि पुढे जातात.

तर स्वतःचं लिहायचं कसं ते सांगते, का लिहायचं ते ओघात येईलच.

मशीन नेमकं काय करतं

हे माहिती असलं की पुढचं सगळं सोपं जातं. चॅटजीपीटीसारख्या टूल्सच्या मागे जी मॉडेल्स असतात ती प्रचंड मजकूर वाचून तयार होतात आणि मुळात एकच काम करतात, आत्तापर्यंतचा मजकूर बघायचा आणि पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता जास्त आहे ते ठरवायचं. तुकडा म्हणजे टोकन, कधी आख्खा शब्द, कधी शब्दाचा भाग. तो ठेवला की पुढचा, मग त्याच्या पुढचा. त्यानंतर आणखी एक संस्कार होतो, माणसं बसून उत्तरांची तुलना करतात, कुठलं जास्त बरं ते सांगतात, आणि मॉडेल त्या पसंतीप्रमाणे बोलायला शिकतं. म्हणजे आधीच जे येण्याची शक्यता जास्त ते, आणि त्यात पुन्हा जास्त जणांना चालेल असं ते. यातून गुळगुळीत, कुणालाच न खटकणारा मजकूर येतो यात नवल काय? वाईट नसतो तो, उलट बऱ्याच जणांच्या पहिल्या ड्राफ्टपेक्षा नीटनेटका असतो. पण तो मधला असतो.

याच्यावर २०२४ मध्ये सायन्स अ‍ॅडव्हान्सेस या जर्नलमध्ये एक मस्त अभ्यास आला होता. तीनशेच्या आसपास लोकांना छोटी गोष्ट लिहायला सांगितली, काहींना एआयकडून कल्पना घेता येत होत्या, काहींना नाही. ज्यांनी एआयची मदत घेतली त्यांच्या गोष्टी वाचणाऱ्यांना सरासरी जास्त चांगल्या वाटल्या, खासकरून मुळात ज्यांचा कल्पनेचा हात जरा आखडता होता त्यांच्या. पण सगळ्या गोष्टी एकत्र ठेवल्या तर एआयवाल्या गोष्टी एकमेकींसारख्या निघाल्या. म्हणजे एकट्याचा फायदा, आणि सगळ्यांचा मिळून तोटा. हे मला त्या अभ्यासातलं सगळ्यात बोचरं वाटलं, कारण एकेकटा माणूस बघितला तर कुणाचंच काही चुकत नाहीये.

त्याच वर्षी जुलैमध्ये नेचर या जर्नलमध्ये दुसरा पेपर आला, मॉडेल कोलॅप्सवर. एका मॉडेलने तयार केलेला मजकूर पुढच्या मॉडेलला शिकवायला वापरला, त्याचा त्याच्या पुढच्याला, असं करत गेलं तर काय होतं ते त्यांनी बघितलं. होतं असं की विरळ गोष्टी आधी गायब होतात. क्वचित दिसणाऱ्या, कडेच्या, चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टी पहिल्यांदा जातात, नेहमीच्या गोष्टी टिकतात, आणि पिढ्या जातील तसं शेवटी सगळंच बिघडतं.

आता हे उलटं करून वाचा. मशीनकडून जे सगळ्यात आधी हरवतं ते विरळ, आणि तुमच्याकडे तर विरळच आहे सगळं. तुम्ही ज्या खुर्चीत बसता तिथून काय दिसतं, अमुक माणूस रागावला की काय करतो, तुमच्याकडचा पंखा बिघडायच्या आधी आवाज कसा येतो, हे कुठल्याच ट्रेनिंग डेटात नाहीये. माणसाने लिहावं का याचं माझं उत्तर एवढंच आहे, त्यात आत्मा बित्मा मी आणत नाही.

सगळंच स्वतः लिहायला जाऊ नका

हो, हे पण सांगायला पाहिजे. सुट्टीचा अर्ज, मीटिंगची वेळ बदलल्याचा मेल, लांबलचक नोंदींचा गोषवारा, टेबलातली माहिती वाक्यात मांडणं, असली कामं मशीनला द्या आणि मोकळे व्हा. तिथे तुमचा आवाज कुणाला नकोय.

मी एक साधी कसोटी लावते. समोरच्याला नंतर कळलं की हे मशीनने लिहिलं होतं, तर त्याला फसवल्यासारखं वाटेल का? वाटणार असेल तर स्वतः लिहायचं. माफीचा मेसेज, कुणी गेल्यावर घरच्यांना लिहिलेले दोन शब्द, एखाद्या मुलाचं शिफारसपत्र, रिव्ह्यू, तुमचं मत, तुमचा अनुभव, हे सगळं त्यात आलं. दोन महिने भांडण चालू असलेल्या मित्राला मशीनने लिहिलेली सुबक माफी पाठवलीत आणि त्याला कळलं, तर भांडण होतं ते बरं होतं म्हणायची वेळ येईल.

मधल्या गोष्टी असतात, उदाहरणार्थ ऑफिसचा रिपोर्ट. तिथे आकडे मांडायला, परिच्छेद लावायला मशीन चालेल, पण "यावरून मला काय वाटतं आणि आता काय करायला पाहिजे" हा भाग स्वतःच लिहा, कारण तेवढ्यासाठीच तुम्हाला तो रिपोर्ट करायला सांगितलाय.

आणि ज्यांना लिहिणंच जड जातं, डिसलेक्सिया आहे किंवा परक्या भाषेत लिहावं लागतंय, त्यांनी मदत घेतली तर नाकं मुरडू नका प्लीज. त्यांनाही एकच सांगणं, आधी आपल्याला काय म्हणायचंय ते आपल्या भाषेत, तुटकं का होईना, उतरवून घ्या, मग मशीनकडे जा.

पहिली पायरी, बोलून टाका

कोरं पान बघून हात गोठतात आणि तिथेच लोक एआय उघडतात. तर कोऱ्या पानासमोर बसूच नका. फोनचं रेकॉर्डिंग किंवा व्हॉइस टायपिंग चालू करा आणि जवळच्या मित्राला सांगताय तसं बोला. "अरे म्हणजे झालं काय की..." इथून सुरू झालं तरी चालेल. पाच-दहा मिनिटं. अडलात तर "मुद्दा काय आहे माझा" असं मोठ्याने स्वतःलाच विचारा, उत्तर बऱ्याचदा लगेच येतं, आणि गंमत म्हणजे ते सुरुवातीला जे बोलत होतात त्यापेक्षा वेगळं असतं.

हाच तो भाग आहे जो मशीनला दिला की गेला. लिहिता लिहिता आपल्याला कळतं की आपल्याला काय वाटतंय, आधी सगळा विचार तयार असतो आणि मग आपण तो फक्त टाइप करतो असं होत नाही. २०२५ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या लोकांनी ५४ जणांवर एक प्रयोग केला, निबंध लिहिताना काहींना चॅटजीपीटी, काहींना सर्च इंजिन, काहींना काहीच नाही. चॅटजीपीटीवाल्यांपैकी बहुतेकांना थोड्याच वेळापूर्वी "आपण" लिहिलेल्या निबंधातलं एक वाक्यही नीट सांगता येईना. प्रयोग छोटा होता आणि बाहेर आला तेव्हा त्याचा पीअर रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञांकडून तपासणी, झालेला नव्हता, त्यामुळे "एआयने मेंदू सडतो" वगैरे जे फॉरवर्ड फिरले ते सोडून द्या. पण स्वतःच्या नावाने पाठवलेलं स्वतःलाच आठवत नाही हे तर आपण आजूबाजूला बघतोच.

आता एक उदाहरण घेऊन बसूया

समजा ऑफिसमधल्या एक मॅडम रिटायर होतायत, हिशेब बघायच्या, आणि निरोपाचं चार ओळींचं कार्ड लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. मशीनला सांगितलं तर साधारण हे येतं:

"मॅडम, आपली अतूट निष्ठा, अथक परिश्रम आणि प्रेरणादायी मार्गदर्शन आमच्या सदैव स्मरणात राहील. हा केवळ निरोप नाही, तर एका सुवर्णपर्वाची सांगता आहे. आपल्या पुढील प्रवासासाठी हार्दिक शुभेच्छा."

काय चुकलंय यात? शुद्धलेखन बरोबर, सूर बरोबर. आता यातून "मॅडम" काढा आणि "सर" टाका. चाललं. सिक्युरिटीवाल्या काकांना द्या, चाललं. कंपनीच्या डायरेक्टरला द्या, तिथेही चाललं. जे कुणालाही चालतं ते कुणाचंच नसतं, आणि मॅडमना हे कार्ड मिळाल्यावर त्या ते दोन सेकंदात वाचून पाकिटात परत घालणार.

आता मशीन बाजूला ठेवा आणि मॅडमबद्दल जे आठवतं ते कसंही लिहून काढा. क्रम नको, वाक्यं नकोत, चांगलं-वाईट काही निवडायचं नाही:

चुका पेन्सिलने दाखवायच्या, लाल पेन कधी वापरलं नाही
फोनवर आकडा घेतला की पुन्हा वाचून दाखवायच्या, समोरचा वैतागला तरी
खूप मदत करायच्या
नवीन माणसाला पहिला आठवडा शेजारी बसवून ठेवायच्या, काही काम नाही, फक्त ऐक
महिनाअखेरीला त्यांच्यामुळे सगळ्यांना उशीर व्हायचा, शिव्या घातल्यात आम्ही
स्वभाव प्रेमळ
एकदा मोठ्या साहेबांची फाइल पण परत पाठवली होती सहीशिवाय

आता यातलं काय ठेवायचं? "खूप मदत करायच्या" आणि "स्वभाव प्रेमळ" हे खोडा. खोटं आहे म्हणून खोडायचं नाही, दिसत नाही म्हणून खोडायचं. प्रेमळ म्हणजे काय करायच्या? पेन्सिल वापरायच्या. झालं की, पेन्सिल ठेवा, प्रेमळ आपोआप कळतं. साहेबांची फाइल चांगली आहे पण साहेब त्या कार्यक्रमाला असणार असतील तर तुमचं तुम्ही बघा.

आणि शिव्यांचं काय करायचं? ठेवायचं! इथे बहुतेक जण घाबरतात आणि नेमकं तेच काढून टाकतात. पण कौतुकात एक तक्रार मिसळली की बाकीचं कौतुक खरं वाटायला लागतं. मशीन आपणहून ही रिस्क घेत नाही, त्याला सगळ्यांना बरं वाटेल असंच बोलायला शिकवलंय. ही रिस्क माणूसच घेतो, कारण मॅडम किती मनावर घेतील आणि किती हसतील याचा अंदाज त्याला असतो.

मग असं काहीतरी होतं:

"मॅडम, महिनाअखेरीला तुमच्यामुळे घरी जायला उशीर झाला की आम्ही तुम्हाला मनातल्या मनात खूप बोलायचो. पण आमच्या चुकांवर तुम्ही कधी लाल पेन चालवलं नाहीत, पेन्सिलने बारीक खूण करायचात, आम्ही दुरुस्त केलं की खोडून टाकायचात, म्हणजे फाइलमध्ये आमची चूक कुणाला दिसायचीच नाही. हे लक्षात यायला आम्हाला फार वेळ लागला. आता आमच्या शेजारी नवीन मुलं बसतात, आणि आमच्याही ड्रॉवरमध्ये पेन्सिल असते."

साहित्य वगैरे नाहीये हे, एक वाक्य तर फारच लांबलंय. पण हे दुसऱ्या कुणाला देऊन बघा, देताच येणार नाही. आणि एक गोष्ट बघा, पेन्सिलची खूण नंतर खोडली जायची, त्यामुळे चूक कुणाला दिसायची नाही, हे यादीत नव्हतं. ते लिहिताना सुचलं. यादी मशीनला देऊन "यावरून कार्ड बनव" म्हटलं असतं तर यादीतलं सगळं आलं असतं, नीट लावून आलं असतं, पण हे यायचं काहीच कारण नव्हतं, कारण ते तुमच्या आठवणीत होतं आणि अजून कागदावर आलेलंच नव्हतं.

नाव बदलून बघायची ही ट्रिक कुठल्याही लिखाणाला लागू पडते. कव्हर लेटर असेल तर कंपनीचं नाव बदलून बघा. रिव्ह्यू असेल तर वस्तूचं. मत मांडलं असेल तर विषय बदलून बघा, "या प्रश्नाच्या अनेक बाजू आहेत आणि समतोल साधणं गरजेचं आहे" हे जगातल्या कुठल्याही प्रश्नाला चालतं, म्हणजे तुम्ही अजून काही बोललेलाच नाहीत.

मोठ्याने वाचा

हा जुनाच सल्ला आहे पण आता त्याचं एक नवीन काम निघालंय. एआयचा मजकूर रोज वाचून वाचून आपल्या हातालाही तेच वळण लागतंय. संशोधकांनी तर हे मोजलंय सुद्धा, चॅटजीपीटी आल्यावर वैद्यकीय संशोधनाच्या इंग्लिश गोषवाऱ्यांमध्ये 'डेल्व्ह' सारखे काही ठराविक शब्द अचानक कितीतरी पटींनी वाढले. मराठीत कुणी मोजलं असेल नसेल, पण कान असेल तर ऐकू येतं. हे सापडलं की थांबा:

"आजच्या धावपळीच्या युगात" ने झालेली सुरुवात. "हे फक्त अमुक नाही, तर तमुक आहे", एका पानावर चार वेळा. तीन-तीनच्या जोड्या, "सोपं, सुटसुटीत आणि प्रभावी". प्रत्येक परिच्छेद साधारण तेवढ्याच लांबीचा. "हे लक्षात घेणं महत्त्वाचं आहे की", अरे मग सरळ सांगा ना ते काय आहे. आणि शेवटी "थोडक्यात सांगायचं तर" म्हणून तेच सगळं पुन्हा.

यातलं एखादं माणूसही लिहितो, आधीही लिहायचाच, त्यामुळे एवढ्यावरून कुणावर आरोप करू नका. आपल्या ड्राफ्टपुरतं बघा. एक वाक्य मोठ्याने वाचताना तुम्हाला स्वतःलाच जर अनाउन्समेंट केल्यासारखं वाटलं तर ते तुमचं नाही, तुम्ही समोरासमोर कसं बोलला असतात ते बोलून बघा आणि तसंच टाइप करा. आणि व्याकरणाच्या प्रत्येक लाल रेघेला मान द्यायची गरज नाही.

आता मशीनला बोलवा

ड्राफ्ट झाला, आता खुशाल बोलवा. पण "सुधारून दे" म्हणू नका. ते म्हटलं की सगळं पुन्हा लिहून येणार आणि तुमची पेन्सिल "बारकाईने मार्गदर्शन" होऊन परत येणार. त्याऐवजी मी हे असले प्रॉम्प्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या सूचना, वापरते:

"हा मजकूर पुन्हा लिहू नकोस. वाचणाऱ्याला कुठे कळणार नाही तेवढं सांग."

"यावर सगळ्यात कडक आक्षेप काय घेता येईल? माझी बाजू घेऊ नकोस."

"फक्त टायपिंगच्या चुका यादीत दे, वाक्यं बदलू नकोस."

"या विषयावर मला प्रश्न विचार, एकावेळी एकच." हा माझा सगळ्यात लाडका. लेख अडकला की हा वापरा. मशीन प्रश्न विचारतं, तुम्ही चिडून उत्तर देता, "नाही रे तसं नव्हतं, झालं असं की", आणि ते चिडून दिलेलं उत्तर म्हणजेच तुमचा पुढचा परिच्छेद.

जे सांगेल त्यातलं पटेल तेवढंच घ्या, आणि दुरुस्ती स्वतःच्या हाताने टाइप करा, कॉपी-पेस्ट नको. टाइप करताना न पटलेला शब्द बोटांना अडतो, पेस्ट करताना नाही अडत.

तपासायचं काम तुमचंच

मशीन शक्यता बघून लिहितं हे वर आलंच, त्यामुळे खरं वाटेल असं खोटं लिहिणं त्याला अजिबात जड जात नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल आपल्या कागदपत्रांत टाकले, नावं, नंबर, उतारे सगळं व्यवस्थित, फक्त ते खटले कधी झालेच नव्हते. त्यातल्या एकाने तर चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, हा खटला खरा आहे का, आणि ते म्हणालं हो. कोर्टाने ५,००० डॉलरचा दंड केला. मशीनला नाही केला, वकिलांना केला.

म्हणून आकडा, तारीख, कोण काय म्हणालं, यातलं काहीही मशीनकडून आलं असेल तर मूळ ठिकाणी जाऊन डोळ्यांनी बघा. नाही सापडलं तर काढून टाका, वाक्य कितीही छान असू दे. तुमच्या नावाने गेलं की तुम्हीच जबाबदार, आणि खरं तर वाचणाऱ्याला हवं असतं तेही हेच, उद्या चुकीचं निघालं तर जाब विचारायला कुणीतरी असावं. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा १४८ दिवसांचा संप झाला, त्यानंतरच्या करारात एआयला लेखक धरायचं नाही आणि कंपनीने लेखकावर ते वापरायची सक्ती करायची नाही असं ठरलं. पैशाचा प्रश्न होताच त्यात, पण लेखक म्हणजे कोण हे कागदावर लिहून घ्यायची वेळ आली हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि कुणी म्हणालं की हे एआयने लिहिलंय, तर?

म्हणतील. तुम्ही नीट लिहिलंत म्हणूनच म्हणतील कधी कधी. इथे डिटेक्टरच्या, म्हणजे मजकूर एआयचा आहे का ते ओळखणाऱ्या टूल्सच्या, नादी लागू नका, ना स्वतःचं सिद्ध करायला, ना दुसऱ्याला पकडायला. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये असं टूल काढलं होतं, त्यांच्याच चाचणीत ते एआयच्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के पकडत होतं आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर उगाच शिक्का मारत होतं. जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले, तर इंग्लिश मातृभाषा नसलेल्या लोकांनी टोफेल या इंग्लिशच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध त्यांनी एआयचे ठरवले. साधी वाक्यं, मोजके शब्द, एवढाच त्या लोकांचा गुन्हा. त्यानंतर टूल्स बदलली असतील, पण एखाद्या विद्यार्थ्याचं वर्ष असल्या टक्केवारीवर टांगणं मला तरी पटत नाही, शिक्षकाने त्याला समोर बसवून पाच प्रश्न विचारावेत, स्वतः लिहिलं असेल तर तो भडाभडा बोलेल.

तुमच्या बाजूने करायचं ते एवढंच की कच्चं काही फेकू नका. ती यादी, ते रेकॉर्डिंग, पहिला ड्राफ्ट, डॉक्युमेंटची व्हर्जन हिस्टरी, सगळं राहू द्या. वहीत लिहिलं असेल तर पानाचा फोटो काढून ठेवा.

आणि जिथे वापरलं असेल तिथे सरळ सांगा, त्यात लाज कसली. "मजकूर माझा आहे, टायपिंगच्या चुका एआयने काढल्या" किंवा "मुद्दे आणि निष्कर्ष माझे, पान दोनवरचा गोषवारा एआयने केलाय, मी तपासलाय". लांबण नको, खाली एक ओळ पुरते, मेल असेल तर सहीच्या वर टाका.